नवीन स्वयंपाकघर लावताय? भांडी एकदम नको, ऋतूप्रमाणे घ्या

आमचं भांड्यांचं दुकान पुण्यात रविवार पेठेत आहे. गल्ल्यावर आधी सासरे बसायचे, आता मी बसते. दर वर्षी जून-जुलैत एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. नुकती नोकरी लागलेली दोन मुलं किंवा नवं जोडपं, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये इंटरनेटवरून उतरवलेली भली मोठी यादी. "काकू, हे सगळं द्या." यादीत ओव्हनमध्ये ठेवायची भांडी असतात आणि घरात ओव्हन नसतो. चिमटा आणि गाळणं मात्र यादीत नसतं.

सगळं विकून मोकळं होणं मला सोपं आहे. पण तीच माणसं दिवाळीत पुन्हा येतात आणि विचारतात, "तो बारा नगांचा सेट परत घ्याल का?" म्हणून हे लिहिते आहे. सुरुवातीला मोजकंच घ्यायचं. बाकीचं पाडवा, गणपती, दिवाळी, संक्रांत जसजशी येईल तसतसं. आपल्याकडे सणांना पदार्थ ठरलेले आहेत, त्यामुळे भांडी कधी लागणार हेही आपोआप ठरतं. नव्या घरात वर्षभरात काय घ्यायचं, काय टाळायचं आणि दुकानदाराला काय विचारायचं, ते ओळीने सांगते.

सोबत काय आणायचं

- शेगडीचा फोटो. गॅस आहे की इंडक्शन, बर्नर किती आणि त्यांत अंतर किती, ते त्यात दिसलं पाहिजे.
- सिंक आणि भांड्यांच्या फळीची लांबी-रुंदी. मोठी परात सिंकमध्ये मावली नाही तर ती रोज बाथरूममध्ये घासावी लागते.
- छोटं लोहचुंबक. फ्रिजवर चिकटवतात ते चालेल.
- कुकरची रिंग किंवा शिट्टी बदलायची असेल तर जुनी रिंग, शिट्टी आणि कुकरच्या बुडावर लिहिलेलं कंपनीचं नाव व लिटर.
- मोड द्यायची, म्हणजे जुनं वजनावर देऊन नवं घ्यायचं असेल तर जुनी तांब्या-पितळेची भांडी, लाकडी किंवा लोखंडी मुठी काढून.
- कापडी पिशव्या. एक नाही, दोन.

१. पहिल्या महिन्यात एवढंच

दोन-तीन माणसांच्या घराला सुरुवातीला हे पुरतं:

- ३ लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे डबे
- एकात एक बसणारी तीन पातेली, झाकणांसकट (तुमच्याकडे टोप, भगुणं किंवा गंज म्हणत असतील, मागाल ते कळतं)
- पोळीचा लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, चिमटा, सांडशी
- एक मध्यम कढई
- मध्यम परात
- पळी, डाव, उलथनं, झारा, गाळणं
- मिसळणाचा डबा
- विळी किंवा सुरी, किसणी
- माणशी दोन ताटं, चार वाट्या, दोन पेले

ताटं माणशी दोन कशाला, असं विचारतात. पाहुणे येतात म्हणून. नॉनस्टिक घ्यायचंच असेल तर एकच घ्या, डोसा-आम्लेटापुरतं. ते रिकामं तापवू नका. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यावरचा थर खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर फार लवकर पोचतो.

२. स्टील हाताने पारखा

नव्या गिऱ्हाइकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. चकाकी पॉलिशने येते, तिचा दर्जाशी काही संबंध नाही.

पहिली गोष्ट जाडी. दुकानदार गेज सांगतो, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज जाड, २२ गेज त्याहून पातळ. "बावीस गेजचं आहे, एकदम भारी" असं कुणी म्हणालं तर हसा आणि १८चं दाखवायला सांगा. वाट्या-पेल्यांना पातळ पत्रा चालतो, ज्यात शिजवायचं त्याला नाही.

दुसरी गोष्ट ग्रेड. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ असंही म्हणतात. २०२मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज जास्त. ते स्वस्त पडतं, पण मीठ आणि आंबटापुढे ३०४इतकं टिकत नाही. आता चुंबकाचं. "चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील अस्सल" असं लोक ठामपणे सांगतात. तसं नाही. ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे या दोघांतला फरक चुंबकाने कळायचा नाही. चुंबकाचं खरं काम इंडक्शनसाठी आहे. ते बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालेल. नुसत्या तांब्याचं, पितळेचं किंवा जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं चालणार नाही. ग्रेडसाठी भांड्यावरचा ठसा बघा आणि बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करायला लागला की काय ते समजा.

तिसरी गोष्ट बूड. नुसत्या स्टीलच्या पातेल्यात उष्णता एकाच जागी साठते आणि दूध, खीर, बासुंदी तळाला लागते. म्हणून बुडाला ॲल्युमिनियमची चकती देतात, त्याला बाजारात सँडविच बॉटम म्हणतात. ट्रायप्लायमध्ये हाच ॲल्युमिनियमचा थर बुडापासून काठापर्यंत स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये असतो. ट्रायप्लाय महाग आहे. सगळा संच त्यातला घ्यायची गरज नाही. दुधाचं पातेलं आणि भाजीची कढई त्यातली घेतलीत तर बाकीचं साध्या जाड स्टीलवर भागतं.

आता भांडं हातात घ्या. काठावरून बोट फिरवा. कड आत मुडपलेली आणि गुळगुळीत हवी. धारदार कड घासणाऱ्याचा हात कापते, आणि मुडपलेल्या कडेला फट असेल तर तिथे पाणी साचून राहतं. मग काउंटरच्या काचेवर भांडं ठेवून दोन बोटांनी एका बाजूला दाबा. डुगडुगलं तर बूड सरळ नाही. कान रिव्हेटचे असतील तर आतल्या बाजूने रिव्हेट भांड्याला चपखल टेकलेत ना पाहा, नाहीतर त्याखाली कायमचं खरकटं अडकेल. चोचीचं भांडं घेताना आमच्याकडे पाणी मागा आणि ओतून पाहा. धार पोटावरून ओघळली तर ते भांडं मी स्वतःच बाजूला ठेवते. झाकण प्रत्येक पातेल्यावर लावून बघा. एकाच सेटमधलं झाकणसुद्धा कधी कधी बसत नाही.

घरी नेल्यावर स्टीकर नखाने खरवडू नका. आत गरम पाणी ओता, दोन मिनिटं थांबा, मग सोला. राहिलेला डिंक खोबरेल तेलाने निघतो. नंतर कापसावर तेल घेऊन भांडं आतून पुसा. कापूस काळा होईल. ते पॉलिशचं काळं आहे, नुसत्या साबणाने जात नाही. तेलाने पुसून झालं की गरम पाणी आणि साबण. मीठ नेहमी पाणी उकळल्यावर घाला. गार पाण्यात तळाशी पडून राहिलेल्या मिठाने चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

३. कुकर: ठसा आधी, रंग नंतर

कुकरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. २०२१पासून त्याशिवाय घरगुती कुकर विकताच येत नाही, तरी रस्त्यावर आणि ऑनलाइन बिनशिक्क्याचे सापडतात. शिक्क्याखाली परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कुणाचा परवाना आहे ते दिसतं.

तिघांना ३ लिटर, चार-पाच जणांना ५ लिटर. आपल्याकडे वरण आणि भात एकाच वेळी वेगळ्या डब्यांत लावायची पद्धत आहे, त्यामुळे कुकर आणि डबे एकत्रच घ्या. आत जाणाऱ्या झाकणाच्या कुकरचं तोंड अरुंद असतं. पोटात मावणारा डबा तोंडातून आत जाईलच असं नाही. दुकानातच घालून बघा. लाजू नका, सगळेच करतात.

थेट कुकरमध्ये शिजवताना पाण्यासकट दोन तृतीयांशच्या वर भरायचं नाही. डाळ, तांदूळ यांसारखं फुगणारं आणि फेसाळणारं काही असेल तर निम्मंच. रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या. "बसतंय ना, मग झालं" हा हिशेब कुकरला लावू नये.

४. पाडव्यापासून मेपर्यंत: माठ, कोठी, बरणी

गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तांब्याचे गडू हातोहात जातात. गुढीवर उपडा घालायचा गडू किंवा फुलपात्र काठीच्या टोकावर नीट बसतं ना, ते काठी मोजून ठरवा. वर्षभर त्यातून पाणी पिणार असाल तर थोडा जड घ्या. त्यात ताक किंवा लिंबूसरबत मात्र ठेवू नका.

माठ आमच्याकडे मिळत नाही, त्यासाठी कसब्यात कुंभारवाड्यात जा. बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. घरी नेऊन दिवसभर पाणी भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. आतून साबण लावू नका. माठ पाझरतो म्हणून गार होतो, म्हणजे हवा कोरडी तितकं पाणी गार. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे जसं पाणी गार होतं तसं मुंबईच्या दमट हवेत होत नाही, त्यात कुंभाराचा दोष नाही. एक-दोन उन्हाळ्यांनंतर पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात आणि माठाचा गारवा कमी होतो.

वर्षाचे गहू-तांदूळ भरणार असाल तर कोठी एप्रिलमध्येच घ्या. मेमध्ये हव्या त्या मापाची शिल्लक राहत नाही. दोन माणसांना ५० किलोच्या कोठीची गरज नाही. १५-२० किलोचे दोन डबे घेतले तर एकाला कीड लागली तरी दुसरा वाचतो. पत्र्याच्या कोठीचं झाकण लावून वरून थोपटा. खडखड आवाज आला तर मुंगीला वाट मोकळी आहे. उन्हात वाळवलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की आत ओल धरते आणि दोष डब्याला लागतो.

लोणच्याची बरणी मेच्या शेवटी. चिनी मातीचीच घ्या किंवा जाड काचेची. मीठ आणि आंबट यांच्यापुढे धातूचं झाकण गंजतं, म्हणून झाकणही चिनी मातीचं किंवा काचेचं हवं. बरणी उजेडाकडे धरून आत बघा. तळाच्या कोपऱ्यात चकाकी उडालेली असते, आणि दुकानात कुणी तिथे पाहत नाही. तिथून मीठ आत शिरतं आणि बरणी बाहेरून पांढरी व्हायला लागते. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, लोणचं भरा, वरून दादरा, म्हणजे कापड बांधा. मोठी एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या: एक मुरायला, एक रोज काढायला. रोजच्या ओल्या चमच्यापासून मुरणारी तरी वाचते.

कुरडया-पापड करणार असाल तर सोऱ्याचं आताच बघा. दिवाळीला चकलीसाठी तोच लागणार आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

५. आषाढ ते गणपती

या दिवसांत वाफेची भांडी लागतात. नागपंचमीला बऱ्याच घरांत तवा चढत नाही, चिरणं-कापणंही नसतं. पुरणाची दिंडं उकडतात. पुढे गणपतीत उकडीचे मोदक.

माझं मत ऐका, जरी मी मोदकपात्र विकत असले तरी. वर्षातून एकदा एकवीस मोदक करणार असाल तर मोदकपात्र घेऊ नका. घरातल्या मोठ्या पातेल्यात बसेल अशी भोकाची चाळण घ्या. चाळण पातेल्याच्या काठावर अडकली पाहिजे, आत घसरून पाण्याला टेकता कामा नये. पातेलं सोबत आणलंत तर मी बसवून देते. काचेचं किंवा स्टीलचं सपाट झाकण असेल तर त्याला आतून पंचा बांधा, नाहीतर वाफेचं पाणी मोदकांवर ठिबकतं आणि नाकं बसतात. चाळणीवर हळदीचं किंवा केळीचं पान. इडल्या, ढोकळा, अळूवड्या महिन्यातून दोन-तीनदा होत असतील तरच पात्र घ्या, आणि त्यात इडलीच्या ताटल्या व सपाट जाळी दोन्ही आहेत असं बघून घ्या.

मोदकाचा साचा प्लॅस्टिकचाही मिळतो. माव्याच्या मोदकांना ठीक आहे. उकडीचे त्यात करून "पाकळ्या आल्या" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पुरणयंत्र श्रावणात घ्या. श्रावणी शुक्रवार, पोळा, गौरी, नंतर होळी, आणि उन्हाळ्यात आंब्याचा रसही त्यातूनच काढता येतो. हँडल फिरवून पातं जाळीला किती टेकतं ते बघा. मध्ये फट असेल तर पुरण खाली पडण्याऐवजी गोल गोल फिरत बसतं. पुरण गरम असतानाच फिरवायचं. "यंत्र चालत नाही" म्हणून परत आणणाऱ्यांनी बहुतेक वेळा गार गोळा घातलेला असतो.

६. दिवाळी: सोऱ्या, झारा, कढई

सोऱ्या नवरात्रात घ्या. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आलात तर उरलेल्यांतला मिळेल आणि मला बोलायलाही सवड नसेल.

दाबायचा आणि फिरवायचा असे दोन प्रकार आहेत. चकलीचं पीठ घट्ट असतं. मनगट दुखत असेल तर फिरवायचा घ्या. तो घेताना रिकामाच पूर्ण वरपासून खालपर्यंत फिरवा. आटे कुठे अडखळले, दट्ट्या भिंतीला घासला, तर दुसरा मागा. दट्ट्या आणि नळी यांत जास्त फट असेल तर पीठ खाली जाण्याऐवजी बाजूने वर चढतं. आता चकलीची चकती काढून बोटावर धरा. चांदणीची टोकं तासलेली आणि स्वच्छ हवीत, नाहीतर चकलीला काटा येत नाही. शेवेच्या दोन जाळ्या, बारीक आणि जाड, सोबत हव्यात. कुरडईची जाळी आहे का तेही विचारा, म्हणजे उन्हाळ्याचंही काम झालं. कुरडईचा चीक गरम असतो, म्हणून प्लॅस्टिकच्या मुठीचा घेऊ नका. पितळी सोऱ्या जड, दणकट आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारा, पण वापरल्यावर लगेच धुऊन कोरडा करायला हवा. ज्यांना भांडी रात्रभर सिंकमध्ये ठेवायची सवय आहे त्यांनी स्टीलचा घ्यावा.

चकल्या तुटतात म्हणून सोऱ्या बदलायला येऊ नका. तुटण्याचं कारण भाजणीच्या उकडीत किंवा मोहनात असतं.

तळणीसाठी बूड निमुळतं आणि पोट खोल असलेली लोखंडी किंवा जाड स्टीलची कढई घ्या. सपाट रुंद कढईला तेवढ्याच खोलीसाठी जास्त तेल लागतं. इंडक्शनवाल्यांना सपाट बुडाशिवाय इलाज नाही. झाऱ्याची दांडी किमान हातभर हवी. करंजीचं कातणं घ्यायचं तर चाक न डगमगता फिरतंय ना बघा, बाकी त्यात पारखण्यासारखं काही नाही.

७. धनत्रयोदशी आणि तांब्या-पितळेचा व्यवहार

धनत्रयोदशीला धातू घरात आणायची हौस अलीकडे वाढली आहे. माझा सल्ला: दोन-तीन दिवस आधी दुपारच्या वेळी या, भांडं पारखा, नाव लिहून बाजूला ठेवायला सांगा आणि त्या दिवशी घेऊन जा.

तांबं, पितळ आणि कासं वजनावर मिळतं. बाजार हलला की किलोचा दर हलतो, म्हणून इथे भाव लिहीत नाही. विचारायचं ते इतकंच: आजचा दर काय, घडणावळ त्यात आहे की वेगळी, आणि वजन मुठीसकट करताय की मुठीशिवाय. मोड देताना तुमच्यासमोर वजन झालं पाहिजे. मोडीचा दर नव्यापेक्षा कमीच असतो, पण किती कमी ते आधी ठरवून घ्या. आजीचा हंडा मोडीत देण्याआधी मात्र एकदा घरी फोन करा. अशा हंड्यावरून भावंडांत झालेली भांडणं माझ्या काउंटरपर्यंत आलेली आहेत.

कासं आणि पितळ वेगळं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशाची वाटी बोटांवर धरून चमच्याने हलकेच वाजवा, आवाज बराच वेळ घुमत राहतो. पितळेचा लवकर विरतो. कासं पडलं तर फुटतं. लहान मुलं असलेल्या घरात काशाची ताटं देताना मी हे आधी सांगते.

ठोक्याच्या नक्षीची, म्हणजे मठारलेली भांडी बघायची असतील तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथे अजून हातोड्यांचा आवाज येतो. हाताने मारलेला ठोका थोडा मागेपुढे असतो. सगळे ठोके अगदी एकसारखे दिसले तर काम यंत्राचं. दोन्ही टिकतात, पण भाव एक नसावा.

पितळेच्या पातेल्यात शिजवायचं तर कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काहीही कळकतं. कल्हईवाला भांडं निखाऱ्यावर तापवतो, नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, त्यात कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका हातासरशी फिरवतो आणि पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं नाही ना, हे विचारा आणि ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्या. भांडं हातात आलं की आत पिवळा डाग राहिलाय का पाहा, विशेषतः बुडाच्या कोपऱ्यात. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. पितळ परत दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. गणपती आणि दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे रांग असते, त्यामुळे आषाढातच उरकून घ्या.

८. थंडी: बिडाचा तवा, परात, वाण

मार्गशीर्षात बाजरी सुरू झाली की परातींची चौकशी होते. भाकरी थापायला परात जड आणि बुडाला सपाट हवी, नाहीतर प्रत्येक थापेला ओट्यावर फिरते. लाकडी काठवट मिळाली तर उत्तमच. ती भिजत ठेवू नका, पुसून उभी करून वाळवा.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा घावन, आंबोळ्या, धिरड्यांसाठी घ्या. नवा असताना धुऊन आचेवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, धूर दिसेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा करा. जाड तेल ओतलंत तर चिकट राप बसेल आणि घावन त्यालाच चिकटेल. नंतर अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर घासायचा. पहिल्या दोन-तीन आंबोळ्या तरीही तुटतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडकतं. बिडाच्या किंवा लोखंडी कढईत चिंच-कोकमाची आमटी नको.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, पण वाणाची खरेदी डिसेंबरमध्ये करा. जानेवारीत हवा तो नग शंभराच्या संख्येने मिळत नाही. वाण म्हणून चहाचं गाळणं, लहान झाकणाची डबी, तुपाची पळी द्या. घराघरांत आधीच पडून असलेल्या पातळ वाट्यांत भर घालू नका. घेताना डब्यावरचा आकडा न मानता नग मोजा, आणि चार-पाच जास्तीचे घ्या. ऐनवेळी शेजारीण तिच्या नणंदेला घेऊन येते.

९. लग्नसराई: आहेर आणि रुखवत

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि आमच्याकडे नाव घालणाऱ्याची सुई दिवसभर करकरत असते. एकच नियम लक्षात ठेवा: नाव घातलेलं भांडं परत होत नाही. नाव, आडनाव, तारीख कागदावर स्वतःच्या हाताने लिहून द्या. "पूजा" की "पुजा", यावरून मांडवात वाद होतात. नाव बाहेरच्या बाजूने, कडेच्या खाली घाला. आतून कोरलं की त्या रेघांत तेलकटपणा बसतो.

आहेर देताना बारा नगांच्या चकचकीत डिनर सेटपेक्षा एक जड कढई किंवा ट्रायप्लायचं पातेलं द्या. नवऱ्या मुलीला किंवा मुलाला आधी विचारलंत तर फार बरं. एका घरात सात लेमन सेट जमतात आणि पोळपाट नसतो.

१०. बिल आणि बदली

बिल घ्याच, आणि त्यावर ग्रेड, लिटर, वजन लिहून घ्या. कुकर आणि नॉनस्टिकच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख त्याच वेळी मारून घ्या, "नंतर मारून देतो"वर जाऊ नका. बदलीची मुदत विचारा. बहुतेक दुकानांत न वापरलेलं, स्टीकर असलेलं भांडं काही दिवसांत बदलून मिळतं. एकदा विस्तवावर चढलं की नाही.

सुटं झाकण, कुकरची रिंग, मिक्सरच्या भांड्याचं वायसर असं काही हवं असेल तर माप तोंडी सांगू नका. "मध्यम आहे, असं साधारण एवढं," असं हाताने गोल करून दाखवतात आणि त्या गोलात आमच्याकडची चार वेगवेगळी झाकणं बसतात. जुनी वस्तू पिशवीत घालून आणा. शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला या. तेव्हा गर्दी नसते, काचेवर भांडं डुगडुगवून बघायला जागा असते आणि पाणी ओतून बघायला तांब्याही भरलेला असतो.